सायन ५एमएक्स वर्षानुवर्षे वापरायचा असेल तर: सेल, कार्ड, पट्टी आणि त्यातले मराठी

लंडनमध्ये १९८० साली डेव्हिड पॉटर यांनी स्थापन केलेल्या सायन या कंपनीने १९९७ मध्ये ‘सिरीज ५’ हा तळहातावर मावणारा, पण दहाही बोटांनी टंकता येईल असा कळफलक असलेला संगणक बाजारात आणला, आणि १९९९ मध्ये त्याचीच सुधारलेली आवृत्ती ‘५एमएक्स’ या नावाने काढली. नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधला पहिला ‘पी’ उच्चारला जात नाही. मुंबईतल्या शीव स्थानकाला लोक ‘सायन’ म्हणतात तसाच हा उच्चार आहे. २००१ मध्ये कंपनीने सामान्य ग्राहकांसाठीच्या या यंत्रांचा व्यवसाय सोडला. म्हणजे आज कोणाच्याही हाती असलेला ५एमएक्स किमान वीस-पंचवीस वर्षांचा आहे आणि त्याला अधिकृत दुरुस्ती केंद्र नाही. तरीही लिखाणासाठी तो आजही उत्तम चालतो, मात्र त्याची निगा राखण्याची एक ठरलेली पद्धत असावी लागते. ती पद्धत मी अनेक वर्षांच्या वापरातून आणि एका मोठ्या नुकसानीतून शिकले. ती येथे क्रमाने मांडते.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. यंत्र टिकवणे आणि त्यातला मजकूर टिकवणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, आणि पहिल्यापेक्षा दुसरे नेहमी आधी करायचे असते. यंत्र बिघडले तर दुसरे मिळू शकते. त्यात अडकून गेलेला मजकूर मात्र परत मिळत नाही. पुढची प्रत्येक सूचना याच क्रमाने वाचावी.

विकत घेण्यापूर्वी काय पाहावे

५एमएक्समध्ये ३६ मेगाहर्ट्झचा एआरएम प्रोसेसर, १६ मेगाबाइट स्मृती, ६४० बाय २४० बिंदूंचा करड्या छटांचा स्पर्शपडदा आणि कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डाची खाच असते. आधीच्या सिरीज ५ मध्ये ४ किंवा ८ मेगाबाइट स्मृती आणि निम्म्या गतीचा प्रोसेसर होता. लिखाणाला तोही पुरतो, पण दोन्ही मिळत असतील तर ५एमएक्सच घ्यावा. एरिक्सनने ‘एमसी२१८’ या नावाने विकलेले यंत्र म्हणजे वेगळ्या नावाचा ५एमएक्सच होय, त्यामुळे शोधताना तेही नाव टाकून पाहावे. ‘५एमएक्स प्रो’ या प्रकारापासून मात्र नवख्याने दूर राहावे. त्यात कार्यप्रणाली कायमस्वरूपी स्मृतीत बसवलेली नसते, ती कार्डावरून चढवावी लागते. वीज पूर्ण गेली की कार्यप्रणालीही जाते, आणि तिची फाइल आपल्याजवळ नसेल तर यंत्र निरुपयोगी होते.

ही यंत्रे बहुतेक ब्रिटन आणि युरोपातून येतात. विक्रेत्याकडे चार छायाचित्रे मागावीत: पडदा चालू असताना समोरून, झाकण अर्धे उघडलेले असताना पडदा चालू, सेलचा कप्पा रिकामा करून आतून, आणि बिजागरीच्या दोन्ही टोकांचे जवळून. यांतले दुसरे छायाचित्र सर्वांत महत्त्वाचे का आहे ते पुढे पट्टीच्या भागात येईल. ‘सेल नसल्यामुळे तपासता आले नाही’ असे लिहिलेले यंत्र बंद आहे असे धरूनच किंमत ठरवावी. दोन पेन्सिल सेल कोणत्याही गावात मिळतात.

पहिला दिवस

यंत्र हाती आल्यावर लगेच सुरू करण्याचा मोह आवरावा. आधी सेलचा कप्पा उघडून स्प्रिंगा आणि पत्र्याचे संपर्क उजेडात पाहावेत. माझ्याकडे आलेल्या दुसऱ्या यंत्रात एका स्प्रिंगेच्या तळाशी चुन्यासारखी पांढरी भुकटी होती आणि स्प्रिंगेचे शेवटचे दीड वेटोळे हिरवट झाले होते. अल्कलाइन सेल गळला की अशी भुकटी जमते. ती क्षारयुक्त असल्यामुळे साध्या पाण्याने नीट निघत नाही. कापसाची काडी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये किंचित बुडवून, जवळजवळ पिळून, तेवढ्याच जागी फिरवावी, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून घ्यावे आणि रात्रभर उघडे ठेवून वाळू द्यावे. व्हिनेगरचा थेंब आत ओघळता कामा नये, म्हणून यंत्र अशा कलाने धरावे की स्प्रिंग खालच्या बाजूला राहील.

नंतर बॅकअप सेल नवा घालावा. हा सीआर २०३२ जातीचा, नाण्याएवढा, ३ व्होल्टचा सेल असतो आणि त्याला वेगळा कप्पा असतो. विक्रेता ‘सेल घातलेला आहे’ म्हणाला तरी तो जुनाच आहे असे समजावे. त्यानंतर दोन मुख्य सेल घालून यंत्र सुरू करावे, तारीख, वेळ आणि गाव नोंदवावे, आणि एक छोटी फाइल लिहून, जतन करून, यंत्र बंद-चालू करून ती जागेवर आहे का ते पाहावे. तेवढे झाल्यावर पडदा सावकाश बंद-उघड करत प्रत्येक कोनात त्यावर रेघा उमटतात का ते निरखावे. पहिला दिवस इतक्यावर थांबवावा.

सेल: इथेच बहुतेकांचे नुकसान होते

५एमएक्समधली ‘सी’ ही डिस्क प्रत्यक्षात रॅम आहे. आजच्या फोनमध्ये बॅटरी संपली तरी छायाचित्रे शाबूत राहतात, कारण ती फ्लॅश स्मृतीवर असतात; इथे तसे नाही. यंत्र ‘बंद’ असतानाही रॅमला अगदी थोडी वीज सतत लागते. ती मुख्य सेल पुरवतात, आणि मुख्य सेल काढले किंवा संपले की नाण्याएवढा सेल पुरवतो. दोन्ही एकाच वेळी निकामी झाले तर ‘सी’वरचे सर्व काही पुसले जाते.

माझे नुकसान असेच झाले. एका पावसाळ्यात यंत्र घरी ठेवून मी तीन आठवडे गावी गेले होते. मुख्य सेल निघताना निम्मे उरले असावेत असा माझा समज होता, आणि बॅकअप सेल शेवटचा कधी बदलला होता हे मला आठवतही नव्हते. परत आल्यावर पडदा उजळला तो पहिल्या दिवसासारखा, गाव आणि तारीख विचारत. चार महिन्यांच्या नोंदी आणि आजीच्या आठवणींची अर्धी झालेली टिपणे त्यात होती. तिच्या तोंडचे काही शब्द मी पुन्हा लिहून काढले, पण ते तिच्या क्रमाने आले नाहीत. तेव्हापासून खालचे नियम मी कधीही मोडलेले नाहीत.

पहिला नियम असा की, मुख्य सेल आणि बॅकअप सेल कधीही एकाच बैठकीत बदलू नयेत. मुख्य सेल बदलायचे असतील तेव्हा बॅकअप सेल चांगला आहे याची खात्री असावी, आणि बॅकअप सेल बदलायचा असेल तेव्हा मुख्य सेल ताजे आणि जागेवर असावेत. यंत्र बंद करून, नवे सेल वेष्टनातून काढून हाताशी ठेवून, मगच कप्पा उघडावा.

दुसरा नियम तारखेचा. बॅकअप सेल वर्षातून एकदा, लक्षात राहील अशा दिवशी बदलावा. मी दसऱ्याला बदलते, कारण त्या दिवशी घरातली सगळी अवजारे आणि यंत्रे पुसून मांडली जातातच. सेलच्या पाठीवर बारीक मार्करने महिना आणि वर्ष लिहावे. मल्टीमीटर असेल तर काढलेला सेल मोजून पाहावा, २.९ व्होल्टच्या खाली गेलेला सेल मी पुन्हा वापरत नाही.

तिसरा नियम मुख्य सेलच्या जातीविषयी. अल्कलाइन सेलचा विजेचा दाब (व्होल्टेज) हळूहळू उतरतो, म्हणून यंत्राची ‘सेल कमी’ ही सूचना वेळेवर येते. पण असे सेल विसरले गेले की गळतात. निकेल मेटल हायड्राइडचे चार्जेबल सेल क्वचितच गळतात आणि वारंवार वापरता येतात; मात्र त्यांचा दाब मुळात १.२ व्होल्ट असल्यामुळे यंत्र ते भरलेले असतानाही कमी दाखवते, आणि शेवटी दाब एकदम कोसळत असल्यामुळे सूचना आणि अंधार यांच्यात फार थोडा वेळ मिळतो. रोज वापर असेल तर नुसते पडून राहिल्याने लवकर न उतरणारे चार्जेबल सेल घ्यावेत आणि सूचनेची वाट न पाहता ठरावीक दिवसांनी बदलावेत. रोज तासभर, बॅकलाइट न लावता लिहिताना माझ्याकडे एक जोडी साधारण तीन आठवडे पुरते; मी ती पंधराव्या दिवशीच बदलते. जोडीतले दोन्ही सेल एकाच क्षमतेचे, एकाच वयाचे आणि एकत्रच चार्ज केलेले असावेत.

विजेचा अडॅप्टर वापरायचा असेल तर मूळचाच वापरावा, नाहीतर व्होल्टेज आणि ध्रुवता दोन्ही छापील खुणांशी जुळवून पाहिल्याशिवाय पिन खुपसू नये. नुसती पिन बसते म्हणून चालवलेला अडॅप्टर यंत्र जाळू शकतो. सेलवर इतके दिवस चालणाऱ्या यंत्राला अडॅप्टर नसला तरी काही अडत नाही असे माझे मत आहे.

कार्ड आणि प्रती

कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड हे या यंत्रातले एकमेव ठिकाण आहे जिथे मजकूर विजेविना टिकतो. यंत्रात ते ‘डी’ या नावाने दिसते. म्हणून लिखाण थेट ‘डी’वरच करावे, ‘सी’वर फक्त कार्यक्रमांच्या जुळण्या (सेटिंग्ज) राहू द्याव्यात. छोट्या क्षमतेचे कार्ड पुरते. १२८ मेगाबाइटमध्ये साध्या मजकुराची आयुष्यभराची पाने मावतील. फार मोठी कार्डे घेऊ नयेत: ती ओळखली जाण्याची खात्री नसते, आणि काही कार्डे जास्त वीज ओढतात. चकती फिरणारी मायक्रोड्राइव्ह तर टाळावीतच.

कार्ड काढण्यापूर्वी त्यावरची प्रत्येक फाइल बंद करावी. पडद्यावरून कार्यक्रम दिसेनासा झाला म्हणजे तो बंद झाला असे नाही. चालू कार्यक्रमांची यादी उघडून पाहावी. लिहिणे चालू असताना कार्डाचे दार उघडले तर फाइलच नव्हे तर कार्डाची अनुक्रमणिकाही बिघडू शकते.

आठवड्याची प्रत अशी घ्यावी. सर्व कार्यक्रम बंद करावेत, विशेषतः अजेंडा हा दैनंदिनीचा कार्यक्रम, कारण उघड्या फाइलची प्रत होत नाही आणि घाईत ती सुटल्याचे ध्यानात येत नाही. सिस्टिमच्या पसंतीक्रमात जाऊन एरवी लपलेला ‘सिस्टिम’ फोल्डर दिसेल असे करावे, कारण बसवलेले कार्यक्रम आणि जुळण्या त्यातच असतात. मग संपूर्ण ‘सी’ची प्रत ‘डी’वर तारखेच्या नावाच्या फोल्डरमध्ये करावी. शेवटी कार्ड काढून, यूएसबी कार्ड रीडरमध्ये घालून, सगळे मोठ्या संगणकावर उतरवावे. कार्डाची मांडणी साधी फॅट पद्धतीची असल्यामुळे विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्ही ते विनातक्रार वाचतात. सिरियल केबलचा मार्गही आहे. त्यासाठी कंपनीचा सायविन हा जुन्या विंडोजसाठीचा कार्यक्रम, किंवा लिनक्सवर पीएलपीटूल्स वापरता येतात. पण यूएसबी ते सिरियल अडॅप्टर, तारा आणि गती यांची जुळवाजुळव करण्यापेक्षा कार्ड रीडर कितीतरी सोपा. केबल वापरलीच तर काम होताच यंत्रातला रिमोट लिंक, म्हणजे केबलवरून संगणकाशी जोडणारी सोय, बंद करावा, कारण तो चालू राहिला तर सेल लवकर उतरतात.

नुसती प्रत पुरत नाही, तिचे रूपही वाचता येण्याजोगे हवे. सायनचा लेखनाचा कार्यक्रम ‘वर्ड’ हा नावापुरताच वर्ड आहे. त्याची फाइल आजचा कोणताही लेखन-कार्यक्रम थेट उघडत नाही. सायकॉन्व्ह हे मुक्त साधन वर्ड आणि शीट (आकडेमोडीचे तक्ते) यांच्या फाइली इतर रूपांत बदलून देते. पण त्यावर विसंबून राहण्यापेक्षा, लेख पुरा झाला की वर्डमधूनच तो साध्या टेक्स्टच्या रूपात बाहेर काढण्याची सवय लावावी. अजेंडातल्या नोंदी बाहेर काढणे सर्वांत त्रासाचे आहे, म्हणून वर्षानुवर्षे जपायच्या तारखा, जन्मदिवस, विम्याचे हप्ते वगैरे केवळ तिथे ठेवू नयेत.

मराठी कसे लिहावे

५एमएक्सच्या कार्यप्रणालीत प्रत्येक अक्षराला एकच बाइट मिळतो आणि तिची अक्षरमाला पश्चिम युरोपीय आहे. त्यामुळे देवनागरी फाँट शोधत बसू नये. व्यवहार्य मार्ग एकच आहे: यंत्रावर रोमन लिपीत ठरावीक पद्धतीने लिहायचे आणि मोठ्या संगणकावर त्याचे देवनागरी करायचे. अविनाश चोपडे यांनी १९९१ मध्ये तयार केलेली आयट्रान्स ही पद्धत यासाठी अतिशय सोयीची आहे, कारण ती फक्त साधी रोमन अक्षरे आणि चिन्हे वापरते, वर टिंबे किंवा आडव्या रेघा असलेली अक्षरे तिला लागत नाहीत. लहान ‘टी’ म्हणजे त, मोठा ‘टी’ म्हणजे ट. लहान ‘एन’ म्हणजे न, मोठा ‘एन’ म्हणजे ण. ‘ळ’साठी मोठा ‘एल’. आठवडाभरात बोटे सरावतात. शिफ्ट कळ फार वापरावी लागते, पण या कळफलकावरच्या कळा लॅपटॉपसारख्या खाली जातात, त्यामुळे त्याचा शीण येत नाही.

मात्र ही पद्धत मराठीच्या तीन जागी अडखळते. पहिली जागा ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ यांची: ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’ हे शब्द सरळ लिहिले की रूपांतरानंतर त्यांत रफार येतो आणि ‘दुसर्‍या’ऐवजी ‘सूर्या’तला ‘र्या’ उमटतो. दुसरी जागा ‘ऑफिस’, ‘बॅग’, ‘ॲप’ यांतल्या अर्धचंद्राची. त्याला वेगळी खूण करावी लागते आणि घाईत ती राहून जाते. तिसरी जागा शब्दाच्या शेवटच्या ‘अ’ची. ‘घर’ लिहिताना शेवटी ‘ए’ टाकला नाही तर पाय मोडलेला ‘घर्’ मिळतो. यावर माझा उपाय असा: शेवटचा ‘ए’ न चुकता टंकायचा, ‘ऱ्य’च्या जागी मी एरवी न वापरलेली एक खूण टाकायची, आणि रूपांतरानंतर शोधा-बदला करण्याच्या सर्व जोड्या एका फाइलीत क्रमाने लिहून ठेवायच्या. माझ्या फाइलीत आज तीसच्या आसपास जोड्या आहेत आणि दहा पानांचा मजकूर स्वच्छ व्हायला पाच मिनिटेही लागत नाहीत. रोमन मूळ प्रत मात्र पुसू नये. ती साध्या अक्षरांत असल्यामुळे उद्याचा कोणताही संगणक वाचेल, आणि रूपांतराची चूक सापडली तर पुन्हा तिच्याकडेच जावे लागते.

बिजागरी आणि पट्टी

सिरीज ५ आणि ५एमएक्सचे झाकण उघडताना कळफलक पुढे सरकतो आणि पडदा मागे टेकतो. मार्टिन रिडिफर्ड यांनी आखलेली ही रचना फार विचारपूर्वक केलेली आहे: पडद्यावर लेखणीने टोचले तरी यंत्र मागे कलंडत नाही, आणि एवढ्याशा देहात मोठ्या कळांना जागा मिळते. याच हालचालीची किंमत मात्र एक भाग मोजतो. पडद्याला मुख्य पाटीशी जोडणारी पातळ, लवचीक पट्टी प्रत्येक उघडझापेत वाकते, आणि हजारो वेळा वाकल्यावर तिच्यातल्या तांब्याच्या रेषा तडकतात. या यंत्राचा सर्वांत ओळखीचा आजार हाच आहे.

लक्षणे अशी. सुरुवातीला पडद्यावर एखादी बारीक रेघ येते आणि झाकण थोडे हलवले की जाते. पुढे रेघांचा पट्टा होतो, आणि शेवटी झाकण पूर्ण उघडले की पडदा कोरा, अर्धे उघडले की दिसतो. परीक्षा सोपी आहे: झाकण अंगठ्याच्या आधाराने अगदी सावकाश फिरवावे. रेघा कोनाबरोबर बदलत असतील तर दोष पट्टीचा. कोणत्याही कोनात तशाच राहत असतील तर पडद्याचा किंवा जोडणीचा. विक्रेत्याकडे अर्ध्या उघडलेल्या यंत्राचे छायाचित्र मागायचे ते याच तुलनेसाठी. पडदा पूर्ण कोरा असूनही कळ दाबल्यावर आवाज येत असेल, तर यंत्र जिवंत आहे.

पट्टीचे आयुष्य वाढवता येते. झाकण दोन्ही हातांनी, मधोमध धरून, सावकाश उघडावे; खटका बसेपर्यंत झटका देऊ नये. दहा मिनिटांसाठी उठताना झाकण मिटू नये, यंत्र फक्त बंद करावे. कोणाला दाखवताना उगाच उघडझाप करू नये. ती मोहक हालचाल सगळ्यांना पुन्हा पाहायची असते, हे मला ठाऊक आहे.

पहिली रेघ दिसली की त्याच संध्याकाळी सर्व मजकुराची प्रत काढावी, कारण पडदा गेल्यावर ते काम कित्येक पटींनी अवघड होते. बदली पट्ट्या हौशी कारागीर आणि जुन्या यंत्रांचे दुरुस्तीकार बनवतात. ती घरी बसवायची असेल तर आधी एखाद्या मृत यंत्रावर हात बसवावा. प्रत्येक पायरीचे छायाचित्र घ्यावे, स्क्रू कागदावर यंत्राचा आकार काढून त्या-त्या जागी चिकटवावेत, आणि सॉकेटची बारीक कडी उचलल्याशिवाय पट्टी ओढू नये. ती कडी तुटली तर नवी पट्टी असूनही उपयोग नाही.

पावसाळा, ऊन आणि साफसफाई

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर यंत्र घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे आणि पुड्या दर महिन्याला बदलाव्यात. महिनाभर वापर होणार नसेल तर मजकूर उतरवून घ्यावा आणि सर्व सेल काढूनच ठेवावे. कडक उन्हाळ्यात पडदा काळवंडतो. तो बिघाड नसून द्रवस्फटिकाचा गुण आहे, कॉन्ट्रास्ट कमी करावा. बॅकलाइट वयानुसार मंदावतो, त्यावर इलाज नाही. रात्री टेबलावरचा दिवा लावावा. पडदा कोरड्या, मऊ कापडानेच पुसावा.

यंत्र अडकले तर रीसेटचे बारीक बटण लेखणीच्या टोकाने दाबावे. अशा साध्या रीसेटने ‘सी’वरचा मजकूर बहुधा राहतो. शिफ्ट कळा धरून केलेला रीसेट मात्र सर्व पुसतो. तो शेवटचाच उपाय समजावा, आणि त्याआधी कार्ड बाहेर काढून ठेवावे.

इंटरनेटची अपेक्षा ठेवू नये. यातली ई-मेलची आणि ब्राउझरची सोय त्या काळच्या सुरक्षेवर बेतलेली आहे, आजच्या सेवा तिला दाद देत नाहीत, आणि पासवर्ड तर यात कधीच साठवू नयेत.

शेवटचे काम पाच मिनिटांचे आहे. जाड कागदाची एक चिठ्ठी करून यंत्राच्या डब्यात ठेवावी. तीवर चार ओळी असाव्यात: बॅकअप सेल बदलल्याची तारीख, मुख्य सेल बदलल्याची तारीख, शेवटची प्रत कोणत्या संगणकावर कोणत्या फोल्डरमध्ये आहे, आणि रूपांतराच्या जोड्यांची फाइल कुठे आहे. माझ्या चिठ्ठीवर पाचवी ओळ आहे, घरातल्यांसाठी: ‘सेल काढण्याआधी मला विचारा.’